बदलापूर ते केदारकंठा: नऊ दिवसांच्या सुट्टीत बर्फाचा ट्रेक बसवताना नेमकं काय सुटतं?

नोव्हेंबर लागला की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या ट्रेकिंग ग्रुपवर एकच पोस्टर फिरायला लागतं. पांढराशुभ्र डोंगर, लाल जॅकेट, हातात भगवा किंवा तिरंगा, खाली तारखा आणि ‘फक्त 6 सीट शिल्लक’. नाव बहुतेक वेळा केदारकंठा. कधी ब्रह्मताल, कधी हर की दून. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इन्स्टाग्राम उघडलं तर निम्मं बदलापूर उत्तराखंडात गेलंय असं वाटावं इतके रील्स दिसतात.

यात वाईट काहीच नाही. बदलापुरात पारा 11-12 अंशांवर उतरला तरी त्याची बातमी होते, अशा गावातल्या माणसाला गुडघाभर बर्फ बघावासा वाटणारच. शिवाय ही मुलं डोंगराला नवखी नसतात. वांगणीजवळचा चंदेरी, बदलापूरचा तावली, अंबरनाथ-कल्याणच्या डोक्यावरचा मलंगगड, पुढे माथेरानची अख्खी रांग हे सगळं त्यांच्या घराच्या खिडकीतून दिसतं. लोकलला लटकून रोज तीन तास प्रवास करणाऱ्यांना ‘तुम्हाला जमेल का’ असं विचारणं तसं अपमानास्पदच.

पण प्रश्न जमण्याचा नाही. सह्याद्रीतला ट्रेक आणि हिमालयातला बर्फाचा ट्रेक यांच्यात जो फरक आहे, तो पायांच्या ताकदीचा कमी आणि दिवसांच्या हिशोबाचा जास्त आहे. आणि पोस्टरवर हा हिशोब कधीच नसतो.

केदारकंठा नेमका आहे कुठे?

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद राष्ट्रीय उद्यान आणि वन्यजीव अभयारण्याच्या हद्दीत. म्हणजे तुम्ही एका नॅशनल पार्कमध्ये चालत असता, हे कित्येकांना ट्रेक संपवून घरी आल्यावरही माहीत नसतं. डेहराडूनहून मसुरी, नैनबाग, पुरोला, मोरी असं करत टोन्स नदीच्या काठाने गाडी जाते. नैटवाडला वन खात्याची चौकी लागते, तिथे नोंद आणि प्रवेश शुल्क. मग सांक्री. डेहराडून ते सांक्री अंतर 200 किलोमीटरच्या आसपास, पण रस्ता डोंगरातला असल्यामुळे आठ ते दहा तास सहज जातात.

सांक्री साधारण 6,400 फुटांवर. पहिला मुक्काम जुडा का तालाब, 9,100 फूट. दुसरा मुक्काम बेस कॅम्प, 11,250 फूट. तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारात निघून माथा, 12,500 फूट. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई 5,400 फुटांचं. म्हणजे सांक्रीत गाडीतून उतरताच तुम्ही कळसूबाईच्या वर असता, आणि माथ्यावर कळसूबाईच्या दुपटीहून उंच.

हा ट्रेक इतका गाजला त्याला कारणं आहेत. हिमालयातले बरेच ट्रेक हिवाळ्यात बंद होतात. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स तर 1 जून ते 31 ऑक्टोबर एवढंच उघडं असतं. केदारकंठा मात्र डिसेंबर ते एप्रिल चालू असतो, उतार तुलनेने सौम्य आहे, जंगलातून वाट जाते आणि शेवटी खरोखरचं ‘समिट’ मिळतं. दुसरं कारण कोर्टाचं आहे. ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांमध्ये, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांमध्ये, रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली. कचरा आणि गर्दीने कुरणं खराब होत होती म्हणून. त्याचा मोठा फटका रूपकुंडसारख्या लोकप्रिय ट्रेकला बसला. माझ्या मते त्यानंतर गर्दीला दुसरी वाट हवीच होती आणि सांक्री तयार होतं.

आता तो नऊ दिवसांचा हिशोब

बदलापूरहून जाणाऱ्या नोकरदार ग्रुपचं वेळापत्रक बहुतेक असंच असतं. पाच दिवस रजा, मागे-पुढे शनिवार-रविवार. एकूण नऊ दिवस.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट कल्याण स्टेशन, पंजाब मेल. शनिवारी रात्री दिल्ली. रात्रीची बस, रविवारी पहाटे डेहराडून. तिथून तसंच जीपमध्ये, रविवारी संध्याकाळी सांक्री. सोमवारी जुडा का तालाब. मंगळवारी बेस कॅम्प. बुधवारी पहाटे माथा आणि उतरून खालचा कॅम्प. गुरुवारी सांक्री. शुक्रवारी डेहराडून, रात्रीची बस. शनिवारी दिल्लीहून गाडी, रविवारी कल्याण. सोमवारी सकाळी पुन्हा लोकल.

यात मोकळा दिवस शोधून दाखवा. एकही नाही.

आता याच वेळापत्रकाकडे शरीराच्या बाजूने बघू. शुक्रवारी तुम्ही जवळपास समुद्रसपाटीला होता. सलग दोन रात्री रेल्वे आणि बसमध्ये, झोप अर्धवट, पाणी कमी प्यायलेलं, कारण बसमध्ये वॉशरूमची सोय नसते (महिला ट्रेकर्सना हे वेगळं सांगायला नको). तिसऱ्या रात्री तुम्ही 1,950 मीटरवर झोपता, चौथ्या रात्री 2,770 वर, पाचव्या रात्री 3,430 वर. आणि सहाव्या दिवशी पहाटे 3,810 मीटरवर, जिथे हवेचा दाब, आणि म्हणून श्वासाला मिळणारा ऑक्सिजन, समुद्रसपाटीच्या 63 टक्क्यांच्या आसपास असतो.

उंचीवरच्या वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य नियम सांगतो की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. जुडा का तालाब ते बेस कॅम्प ही उडी 660 मीटरची आहे. नियम थोडासाच मोडतो, तेही एका रात्रीसाठी. म्हणून तर बहुतेक लोक डोकेदुखीवर निभावून घरी येतात आणि ‘काही नाही हो, सोपा आहे’ असं सांगतात. त्यांचं खोटं नसतं. पण दहा-पंधरा जणांच्या ग्रुपमध्ये एखाद्याला त्रास होणं हे अपवादात्मक नाही, अपेक्षितच आहे. त्या एकासाठी वेळापत्रकात जागा आहे का, हा खरा प्रश्न.

उंचीचा त्रास म्हणजे एएमएस. डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं, गळून जाणं. उंचीवर पोचल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होतो. यात एक गोष्ट लक्षात ठेवायची: फिटनेसचा आणि याचा संबंध नाही. रोज जिम करणारा, मॅरेथॉन पळणारा मुलगा आडवा पडू शकतो आणि त्याची मावशी ठणठणीत राहू शकते. उलट फिट माणूस वेगाने वर जातो आणि त्रास झाला तरी बोलत नाही, म्हणून तो जास्त अडचणीत येतो.

उपाय साधा आहे. लक्षणं असताना आणखी वर जायचं नाही. थांबूनही वाढली तर खाली उतरायचं. चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं म्हणजे मेंदूला सूज, आणि बसल्या जागी धाप लागणं, खोकला, छातीत घरघर म्हणजे फुप्फुसात पाणी. या दोन्हींत रात्र असो की वादळ, उतरणं हाच उपचार. डायमॉक्स ही गोळी त्रास टाळायला मदत करते, पण ती निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारून घ्यायची. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. ग्रुपमधल्या दादाने दिली म्हणून तर नाहीच.

आणि 31 डिसेंबरच्या बॅचसाठी एक आगाऊ सूचना: रमने थंडी जात नाही. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब आल्यासारखं वाटतं आणि शरीरातली उष्णता उलट वेगाने बाहेर जाते.

बर्फ म्हणजे हिमस्खलनच का?

बातम्यांमुळे आपल्याला वाटतं की बर्फातला धोका म्हणजे डोंगरावरून कोसळणारी बर्फाची लाट. ती असतेच. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थी तुकडीवर हिमस्खलन झालं आणि 29 जण गेले. त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट चढलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांचा कॅम्प गाडला गेला. 54 कामगार अडकले, 46 वाचले, आठ जण गेले. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेने हिमस्खलनाचा इशारा आदल्याच दिवशी दिलेला होता. अशी पत्रकं ही संस्था हिवाळ्यात नियमित काढते आणि ती ऑनलाइन मिळतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट बघतो तसं ते बघायचं असतं. किती ट्रेकर्स बघतात, हे तुमच्या ग्रुपवर विचारून बघा.

हिमस्खलन मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतं, आणि ताजा बर्फ भरपूर पडल्यानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट. केदारकंठ्याची नेहमीची वाट बरीचशी जंगलातून आणि सौम्य उतारावरून जाते, त्यामुळे तिथे हा धोका तुलनेने कमी. पण ‘कालच दोन फूट बर्फ पडलाय, आत्ताच चला’ या उत्साहात लोक नेमके चुकीच्या दिवशी, पायवाट सोडून, रीलसाठी उतारावर जातात.

ट्रेकर्सचा जीव बहुतेक वेळा जातो तो यापेक्षा कितीतरी साध्या गोष्टीने. भिजणं, वारा आणि उशीर.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण सहस्रताल. उत्तरकाशी-टिहरीच्या हद्दीवरचा हा उंचावरचा ट्रेक. मे 2024 च्या शेवटी 22 जणांचा गट निघाला. 18 ट्रेकर्स कर्नाटकचे, एक महाराष्ट्रातला, तीन स्थानिक गाइड. 3 जूनला परतीच्या वाटेवर बर्फाचं वादळ आलं. समोरचं दिसेना, कॅम्प गाठता येईना. रात्र उघड्यावर काढावी लागली. नऊ जणांचा मृत्यू झाला, 13 जणांना हवाई दल आणि एसडीआरएफने बाहेर काढलं. महिना लक्षात घ्या. जून. त्या वेळी इथे बदलापुरात आपण पंख्याखाली बसून पावसाची वाट बघत होतो. दरड नाही, हिमस्खलन नाही, दरीत कोसळणं नाही. फक्त थंडी, वारा आणि कॅम्पपर्यंतचं न सरणारं अंतर.

शरीराचं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला माणूस थरथरतो. मग अडखळतो, हातातून वस्तू पडतात, शब्द ओढल्यासारखे येतात, चिडचिड करतो, ‘मला इथेच बसू दे’ म्हणतो. आपल्याकडे याला ‘दमलाय, बसू दे पाच मिनिटं’ असं म्हणून सोडून दिलं जातं. तिथेच घात होतो. थरथर थांबली म्हणजे बरं वाटायला लागलं असं नाही, परिस्थिती बिघडली असा त्याचा अर्थ असतो.

वाऱ्याचं गणितही बघा. तापमान उणे 10 आणि वारा ताशी 40 किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे 21 सारखी लागते. अंगावरचे कपडे ओले असतील तर याहून वाईट.

इथे उल्हासनगरचा विषय येतोच

उल्हासनगर म्हणजे जीन्स. कॅम्प 5 च्या कारखान्यांतून निघालेली जीन्स अख्ख्या देशात जाते आणि स्वस्त जॅकेट, थर्मल, हातमोजे घ्यायला गजानन मार्केटला चक्कर मारल्याशिवाय इथला कुठलाच ट्रेक सुरू होत नाही. या मार्केटला नावं ठेवायचं कारण नाही. बर्फासाठी लागणाऱ्या निम्म्या वस्तू तिथे खरंच मिळतात. काय घ्यायचं नाही, एवढं माहीत हवं.

जीन्स घालून बर्फात जायचं नाही. कारण कापूस. सुती कापड पाणी धरून ठेवतं, ओलं झालं की त्यातली हवा जाते आणि ते अंगातली उष्णता ओढायला लागतं. जाड जीन्स तर दिवसभर वाळत नाही, रात्री कडक होऊन उभी राहते. सुती टी-शर्ट, सुती मोजे, सुती इनर यांनाही हेच लागू. आत घामाला बाहेर टाकणारं पॉलिस्टर किंवा लोकर, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. तीन थर. एक प्रचंड जाड जॅकेट घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि चालताना घाम आला की एक थर काढता येतो. घामाने भिजणं हे बर्फाने भिजण्याइतकंच वाईट आहे, हे आपल्याकडच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला पटायला वेळ लागतो.

पैसे वाचवायचेच तर जॅकेटमध्ये वाचवा, बुटांत नको. आणि गॉगल फॅशनचा नको. ताजा बर्फ अतिनील किरणांचा 80 टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, उंचीवर ही किरणं मुळातच जास्त असतात. दिवसभर गॉगलशिवाय चाललात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, उघडवत नाहीत. बाजूने बंद असलेला, यूव्ही 400 लिहिलेला गॉगल हवा. बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स आणि पायाला बांधायचे गेटर्स बहुतेक आयोजक भाड्याने देतात. देणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळायची नाहीत. बर्फाने तर अजिबात नाही, हा जुना गैरसमज आहे. कोमट पाण्यात, 37 ते 39 अंशांच्या, हळूहळू गरम करायची. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर खाली पोचेपर्यंत गरम करायचं थांबवायचं.

बर्फ नसेल तर?

हाही प्रश्न आता दरवर्षीचा झालाय. उत्तराखंड, हिमाचल, काश्मीरमधला हिवाळ्याचा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो. ते आले नाहीत की डोंगर कोरडे. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गच्या उतारांवर माती दिसत होती, आणि मग महिनाअखेरीला बर्फ आला. पोस्टरवरचा फोटो तुमच्या तारखेला मिळेलच याची हमी कोणीच देऊ शकत नाही. देत असेल तर तो आयोजक बाद.

गंमत म्हणजे कमी बर्फ जास्त सुरक्षित नसतो. पातळ थर दिवसा वितळतो, रात्री गोठतो, आणि पायवाटेवर काच तयार होते. घसरून मनगट किंवा घोटा मोडण्याचे प्रकार अशा वाटेवर जास्त होतात. सांक्रीपासून एक दिवस चालून गेलेल्या माणसाचा मोडलेला घोटा म्हणजे त्याला पाठीवर किंवा खेचरावर खाली आणणं, मग जीप, मग पुरोला किंवा डेहराडून.

काही झालं तर जबाबदार कोण?

हा भाग रील्समध्ये कधीच नसतो.

बदलापूर-अंबरनाथच्या बॅचमागे बरेचदा तीन थर असतात. एक, तुमच्या ओळखीचा इथला आयोजक, जो पोस्टर टाकतो आणि पैसे गोळा करतो. दोन, डेहराडून किंवा सांक्रीतला ऑपरेटर, जो तंबू, स्वयंपाक, गाइड देतो. तीन, प्रत्यक्ष तुमच्याबरोबर चालणारा गाइड, जो बहुधा सांक्री-सौड परिसरातल्या गावचा असतो आणि ज्याला डोंगर सगळ्यात जास्त कळतो. आता बुधवारी पहाटे तीन वाजता वारा सुटलाय. गाइडला वाटतंय आज नको. इथल्या आयोजकाला वाटतंय की लोकांनी समिटचे पैसे दिलेत, फोटो नाही आला तर पुढची बॅच भरणार नाही. लोकांना वाटतंय शनिवारची गाडी आहे, उद्या पुन्हा प्रयत्न करता येणार नाही. निर्णय कोण घेतो?

नियमाने उत्तर सोपं असायला हवं: गाइड. व्यवहारात तो साखळीतला सगळ्यात कमी पैसे मिळणारा माणूस असतो. मला या सगळ्या विषयातली सर्वांत कच्ची कडी हीच वाटते. उंची, थंडी, बर्फ यांच्यावर उपाय आहेत. पण ‘परत फिरूया’ म्हणणाऱ्या माणसाला ते म्हणण्याचा अधिकार नसेल तर उपायांचा उपयोग नाही.

महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवेतल्या साहसी उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची साधनं ठेवावीत, असं त्याचं स्वरूप. त्यामुळे इथल्या आयोजकाला पहिला प्रश्न: नोंदणी आहे का? दुसरा: उत्तराखंडात तुमचा ऑपरेटर कोण, तो तिथल्या पर्यटन विभागाकडे नोंदलेला आहे का? तिसरा: विमा आहे का, आणि त्यात उंचीवरून खाली आणण्याचा खर्च धरलाय का? साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बरेचदा वगळलेले असतात. पॉलिसीचं पान स्वतः वाचा.

‘आम्ही कंपनी नाही, मित्रांचा ग्रुप आहे, खर्च वाटून घेतो’ असं उत्तर आलं तर ते वाईटच असतं असं नाही. आपल्या भागातल्या कित्येक चांगल्या ट्रेकिंग संस्था अशाच सुरू झाल्या, आणि यूथ हॉस्टेल्सच्या सारपास, चंद्रखणी ट्रेकला जाऊन आलेल्या जुन्या मंडळींनी फायद्याविना दोन पिढ्यांना डोंगर दाखवला. पण मग काही घडलं तर जबाबदारीही वाटूनच येते, हे आधी मान्य करून जा.

पैसे घेऊन सेवा दिली असेल तर तुम्ही ग्राहक आहात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. बदलापूरच्या माणसाला डेहराडूनला खेटे घालायची गरज नाही, ठाणे जिल्हा आयोग चालतो. त्यासाठी बिल, यूपीआयची पावती, ग्रुपवरचं पोस्टर, काय काय मिळणार याचा मेसेज हे सगळं जपून ठेवा. आणि ‘माझ्या जीवाला मीच जबाबदार’ अशा कागदावर सही घेतली म्हणून आयोजकाचा निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही.

बाहेर काय करतात?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या नॅशनल पार्क रोड ट्रिपचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. योसेमिटी, झायन, माउंट रेनियर. तिथे डिसेंबरात गाडी घेऊन निघालं की नियम गेटवरच भेटतात. रेनियरला 1 नोव्हेंबर ते 1 मे प्रत्येक गाडीत टायरला लावायच्या साखळ्या असायलाच लागतात, आकाश निरभ्र असलं तरी. योसेमिटीच्या हाफ डोमवरचे केबलचे आधार साधारण ऑक्टोबरच्या मध्यात उतरवले जातात. झायनच्या एंजल्स लँडिंगला एप्रिल 2022 पासून परवाना लागतो. हिमस्खलनाचा अंदाज सार्वजनिक वेबसाइटवर येतो. म्हणजे माहिती सरकार देतं, निर्णय मात्र तुमचा आणि बरोबर गाइडही नसतो.

आपल्याकडे उलट आहे. गाइड, स्वयंपाकी, तंबू सगळं मिळतं, माहिती मात्र आयोजकाच्या तोंडूनच येते. प्रशासनाचं धोरण मुख्यतः बंदीचं. बर्फाचा इशारा आला की हिमाचलच्या कांगड्यात ट्रेकिंग बंद, पावसाळ्यात आपल्या कोंडेश्वरला मनाई आदेश. बंदी आवश्यक असतेच कधी कधी, पण बंदी नसलेल्या दिवशी काय बघून निघायचं हे ती शिकवत नाही.

मग जायचं की नाही?

जा. पण दहावा दिवस घेऊन जा.

रजा मिळत नसेल तर एका बाजूचा प्रवास विमानाने करा. मुंबई-डेहराडून थेट विमान आहे, दीड-दोन दिवस वाचतात. विमान परवडत नसेल तर परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं. म्हणजे तिकीट काढताना हवामान कोणालाच माहीत नसतं, आणि नेमकं तेच तिकीट पुढे बुधवारी पहाटे तीन वाजता डोक्यात असतं. तो एक दिवस सांक्रीत झोपून घालवला तरी चालेल. खरं तर चढण्याआधीच तो तिथे घालवावा, शरीराला तेच हवं असतं.

तयारी घराजवळ होते. पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन आठवड्यातून दोनदा मलंगगडाच्या पायऱ्या, दीड-दोन महिने. उंचीची सवय यातून होणार नाही, गुडघे मात्र उतरताना साथ देतील. चंदेरीच्या कातळावर स्टंट करून सरावाच्या नावाखाली हिमालयाआधीच दवाखान्यात जाऊ नका.

आयोजकाला निघण्याआधी ग्रुपवर सगळ्यांसमोर एकच गोष्ट लिहून मागा. समिटच्या दिवशी किती वाजता, कुठेही असलो तरी परत फिरायचं, आणि तो निर्णय कोणाचा. उत्तर ‘तिथे बघू’ असं आलं तर ॲडव्हान्स परत मिळतो का ते विचारा.

आणि माथा नकोच असेल, फक्त बर्फ हवा असेल, घरातल्या पन्नाशीच्या आई-बाबांना घेऊन जायचं असेल, तर सांक्री ते जुडा का तालाब आणि परत, एवढंही पुरतं. देवदारांचं जंगल, गोठलेलं तळं, एक रात्र तंबूत. झोपायची उंची 3,000 मीटरच्या खाली राहते, नऊ दिवसांत हा प्रवास आरामात बसतो आणि एक दिवस शिल्लकही राहतो. सांक्रीतले गाइड असा छोटा कार्यक्रम करून देतात, फक्त तो पोस्टरवर नसतो, विचारावा लागतो.